रकान्यातल्या दोन चांदण्या

१९६८ साल. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका छत्रात, म्हणजे धर्मशाळेच्या सभागृहात, पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर यंत्रानंदस्वामी लांबलचक छापील कागद उलगडत एकेकाचं उरलेलं आयुष्य वाचत होते. हे अक्षर माणसाचं नव्हे, विद्युत्देवीचं, असं ते दर तीन नावांमागे बजावत आणि लोक कागदाला हात जोडत. तो कागद आदल्या दिवशी आमच्या कारखान्यातल्या कम्प्युटरवर मीच छापला होता. आमचे साहेब स्वामींचे भक्त, त्यांचा हुकूम. मीही गंमत म्हणून हो म्हटलं, त्याची आजही लाज वाटते.

माझी थोरली बहीण वसुमतीअक्का पहिल्या रांगेत होती. तिला क्षय झाला होता, रोज सुई घ्यावी लागे. तिच्या नावापुढे आकडा नव्हता, दोन छापील चांदण्या (**) होत्या. स्वामींनी डोळे मिटले आणि यमानं हिचं पान झाकलंय म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून अक्कानं सुई बंद केली. मरायचंच तर टोचून कशाला घ्यायचं, असं तिचं म्हणणं.

पुढच्या गुरुवारी मी भर छत्रात उभा राहिलो. हा प्रोग्राम माझा, असं सांगून टाकलं. इंग्रजी नावातली अक्षरं गुणिले जन्मतारीख, हे स्वामींनी दिलेलं गणित. ‘गुरुकृपेने चिंता मिटेल’ हे वाक्य सगळ्यांना एकच, मीच घातलेलं. छपाईच्या सूचनेत आकड्यासाठी मी दोनच घरं ठेवली होती. आकडा तीन अंकी निघाला की मावत नाही, मग यंत्र तिथे चांदण्या छापतं. ‘टेबल’ हे नाव आणि दहा तारीख घालून काढलेला कागदही दाखवला. टेबलाला पन्नास वर्षं आयुष्य होतं आणि त्याचीही चिंता मिटणार होती.

लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

"मग माझा आकडा किती रे, हयवदना?" अक्कानं विचारलं.

"आठ अक्षरं, तेरा तारीख. एकशे चार," मी बोलून गेलो.

तिचा चेहरा उजळला. शेजारची बाई तिच्या पाया पडली.

"एकशे चार वर्षं. सरी, ठीक झालं, मग सुई कशाला?"

तो आकडाही थोतांडच, हे मी तिला चार महिने समजावत होतो. यंत्र बरोबर गुणतं हे तूच सिद्ध केलंस, असं ती म्हणे. मार्गशीर्षात ती गेली, छत्तिसाव्या वर्षी.

छत्रात अजून गर्दी असते. कारखान्यात माझ्या जागी आलेल्या माणसानं रकाना तीन घरांचा केलाय, एवढीच सुधारणा.

वाचकहो, यंत्र माणसानं लिहून दिलेलंच छापतं. छापील कागदाला हात जोडण्याआधी तो कुणी लिहिला ते विचारा, आणि डॉक्टरांची सुई बंद करू नका. माझ्या अक्कानं तर विचारलं होतं. मी तिला नुसता आकडा सांगितला.