अभिमनचं बोट

पारोळ्यात वीज आली आणि अभिमन पाटलाला भाव आला. धुळ्याच्या जीवराम कंत्राटदाराच्या हाताखाली तो वायरिंग शिकला होता. गावातली निम्मी घरं त्यानंच उजळवली. कागदावर सही मात्र जीवरामची, कारण लायसन्स त्याचं.

अभिमनची एक खोड होती. तारेत वीज आहे की नाही, हे तो बोट लावून सांगायचा. कोरडी चप्पल, कोरडी फळी, बोटाचा ओझरता स्पर्श, की म्हणायचा, "हाय. आज जरा कमी शे." लोक तोंडात बोट घालायचे. तेवढ्यासाठीच तो ते करायचा, असं त्याची बायको कमलबाई म्हणे.

मग नियम कडक झाले. जीवराम म्हणाला, "अभिमन, परवाना नसलेल्या माणसाच्या कामावर मी आता सही करणार नाही. माझं लायसन्स जाईल. वायरमनची परीक्षा दे."

"मले परीक्षा?" अभिमन हसला. नवा सदरा घालून एस.टी.नं धुळ्याला गेला.

जिन्याची वायरिंग करायला दिली होती, एक दिवा, दोन बटणं. त्यानं सगळ्यांआधी ती पुरी केली. परीक्षक साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. आता सांगा, या तारेत सप्लाय आहे का, ते कसं बघाल?"

अभिमननं बोट लावलं. "आहे साहेब. पण दाब कमी आहे."

साहेबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. घाम पुसत म्हणाले, "पाटील, तुम्ही जिवंत राहिलात, म्हणून निदान नापास तरी करता येतंय."

घरी आल्यावर त्यानं खरं ते सांगितलं. कमलबाई आधी पोट धरून हसली. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"मरी जातात ते मी काय करती?" ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आना ते परीक्षानं पुस्तक आठे."

कमलबाई चौथी शिकलेली होती. रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता ती प्रश्न विचारू लागली. "माणूस तारले चिकटना, आधी काय?"

"मेन बंद."

"मेन दूर शे ते?"

"कोरडं लाकूड. हात लावाना नई."

चुकला, तर पहिली भाकरी शेजारच्या भिकुबाईच्या घरी जायची. भिकुबाईनं त्या महिन्यात बऱ्याच भाकरी खाल्ल्या.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी कमलबाईनं त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली. घट्ट गाठ मारली. एस.टी.त तिघांनी विचारलं, काय लागलं? तो खिडकीबाहेर बघत राहिला.

परीक्षकही तेच निघाले. "पाटील! शेवटी शॉक बसलाच का?"

"नाही साहेब. बायकोनं बांधलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पण हसू काही लपलं नाही. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. अभिमननं टेबलावरचा टेस्ट लॅम्प उचलला आणि तारांना लावला. दिवा पेटला नाही.

"म्हणजे सप्लाय नाही. मग लावा हात," साहेब म्हणाले.

अभिमनचा हात उचलला गेला, आणि थांबला. "आधी दिवा तर बघू द्या, साहेब. तोच गेलेला असेल." दुसऱ्या चालू तारांवर लावून पाहिला, तिथंही तो पेटला नाही. दिवाच गेलेला होता, साहेबांनी मुद्दाम बदलून ठेवलेला.

परवाना मिळाला. जीवरामनं त्याला रीतसर कामावर घेतलं. पहिलं काम मदनलाल शेठच्या नव्या कापड दुकानाचं आणि वरच्या घराचं. शेठांना घाई होती. गळती वीज जमिनीत सोडणारं अर्थिंग त्यांना नको होतं, खड्ड्यासाठी अंगण खोदायचं जिवावर आलं होतं. अभिमन समजावून दमला. तेवढ्यात वरून शेठाणी पानबाई खाली आल्या.

"कमलबाई म्हणत होत्या, ज्या घरात अर्थिंग नाही, तिथं त्या चहासुद्धा घेणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मला गावात हसं नको."

अभिमन चाट पडला. दुपारी तो तारांशी झटत असताना त्याची बायको घरोघर जाऊन बायकांना उघड्या तारांवरून झापत होती, याची त्याला कल्पनाच नव्हती.

शेठांनी मुकाट्यानं कुदळ मागवली. खड्डा झाला, मीठ-कोळसा पडला. जमीन सुकली की अर्थिंग कामाचं नाही, म्हणून उन्हाळ्यात त्यावर पाणी घालायचं, असंही कमलबाईनं बजावलं होतं. वैशाखात पाणी शेंदून आणायची पाळी मदनलाल शेठांवर आली. पहिली घागर ओतून ते अभिमनला म्हणाले, "भाऊ, परीक्षा तू दिलीस, पण पास कोण झालं रे?"