हबकला

परदेशी पाहुण्याने हर्षालीच्या टेबलापाशी एकच शब्द दोनदा उच्चारला. मग छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि न हसताच पुढे गेला. ‘फ्लॅबरगास्टेड’ एवढंच लाइनवरच्या बायकांना ऐकू आलं.

निघोज्याच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडल्या जात. वायरींचा गुंता होऊ नये म्हणून हर्षालीने फळीवर रंगीत प्लास्टिकच्या बांगड्या टांगल्या होत्या. ज्या रंगाची वायर, ती त्या रंगाच्या बांगडीत. पाहुणा तेच बघत उभा राहिला होता.

शेजारच्या टेबलावर तिची थोरली जाऊ जयमाला बसायची. हर्षालीला कंपनीत तिनेच चिकटवलं होतं. वायर कशी धरायची तेही तिनेच शिकवलं. इतक्या वर्षांत तिच्या टेबलापाशी कुणी पाहुणा थांबला नव्हता. आज तो येताना दिसला तेव्हा तिने कोटाची कॉलर सारखी केली होती. तो तिच्याकडे न बघता पुढे सरकला.

जेवणाच्या सुट्टीत हर्षालीने शब्दाचा अर्थ तिलाच विचारला. जयमाला बारावी झालेली. घरातलं इंग्रजी तिच्याकडेच असायचं. बघून सांगते म्हणत ती बाजूला गेली आणि मोबाइल काढला. अतिशय आश्चर्याने थक्क होणे, अवाक होणे, असं त्यात होतं. खाली लिहिलं होतं, माणूस चांगल्या गोष्टीने असा होतो, तसाच वाईटानेही. ते दुसरं वाक्य तिने पुन्हा वाचलं. सुट्टी संपली, तरी तिने हर्षालीला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी पुनावळ्याच्या घरी सासू कुशाबाईने विषय काढला.

“आगं जयमाला, काय म्हणला म्हणं तो सायब हिला?”

हर्षाली कणीक मळायची थांबली. ‘थक्क झाला’ हे शब्द जयमालाच्या ओठांपर्यंत आले होते. पण सासूचा चेहरा आधीच खुलला होता. जयमालाच्या पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा तो असा खुलला नव्हता.

“हबकला म्हणे तो,” जयमाला म्हणाली.

“म्हंजी? आवडलं न्हाई व्हय त्याला?”

“ते मी काय सांगू, आई? शब्दाचा अर्थ तसा हाय.”

दुसऱ्या दिवशी हर्षालीने मुकाट्याने फळीवरच्या बांगड्या उतरवल्या. दुपारपर्यंत तिच्या वायरी गुंतायला लागल्या. तिची चाललेली झटापट पाहून जयमालाला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली. तरी ती आपल्या वायरी जोडत राहिली.

आठवडाभराने मॅनेजर यशवंतराव दोन माणसं घेऊन आले. सगळ्या लाइनवर तशाच फळ्या करायच्या होत्या आणि पाहुण्याला व्हिडिओ पाठवायचा होता. मोकळी फळी बघून त्यांनी कारण विचारलं. साहेब हबकले होते ना, म्हणून काढल्या, असं हर्षाली चाचरत म्हणाली.

“हबकले? अहो, थक्क झाले ते. असं कुठंच पाहिलं नाही म्हणत होते. तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

आजूबाजूचे हात थांबले. हर्षालीने जयमालाकडे पाहिलं.

“कुणी नाही, सर,” हर्षाली म्हणाली. “माझाच गैरसमज झाला.”

सुट्टी झाल्यावर जयमालाने तिला नळापाशी गाठलं. त्या शब्दाचा तसाही अर्थ होतो, असं समजावू लागली. हर्षाली हात धूत होती.

“मी आत्ताच बघितला, ताई,” ती म्हणाली. “दोन्ही होतात. तुम्ही नेमका वाईट सांगितलात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. जयमालाला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

कंपनीच्या बसमध्ये दोघी कायम एका सीटवर बसत. जयमाला आधी चढली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून वाट बघू लागली. हर्षाली आली, तिच्या सीटजवळून गेली आणि मागे कुठेतरी बसली. बस सुटायच्या बेतात एक नवीन मुलगी धापा टाकत चढली. इथं कुणी आहे का, असं तिने विचारलं.

जयमालाने पिशवी उचलून मांडीवर घेतली.