दुसरा शंख

माझा दादा पाणबुड्या होता. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांचे तळ खरवडायचा आणि खाली काही चमत्कारिक दिसलं की माझ्यासाठी घेऊन यायचा. मी शाळा अर्धवट सोडलेली. शंखांमधलं जे काही कळतं ते पुस्तकं आणि भिंग घेऊन, डोळे फोडून शिकलेली. "गोगलगाय अन् पोटात पाय," असं दादा मला म्हणे. पोटात कसले पाय! चिकाटी तेवढी होती.

एकदा त्यानं एक शंख आणला. बोटाच्या पेराएवढा, वरचा निम्मा भाग चुन्याच्या पुटानं झाकलेला आणि खालच्या मोठ्या वेढ्यावर गाठीच गाठी. बाजारात खायला म्हणून टोपल्यांनी विकली जाते त्या समुद्री गोगलगायीच्या शंखावर सरळ उभ्या धारा असतात. या गाठी मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. मी मापं घेतली, तोंडाचं चित्र काढलं, वर्णन लिहिलं आणि नव्या जातीला दादाचं नाव दिलं.

"माझं नाव? गोगलगायीला?" दादा हसून लोळला. "सासऱ्यांना कळवा. जावयानं नाव काढलं म्हणावं, पण सरपटत."

वहिनी हसली नाही. "जन्म गेला जहाजाखाली, कुणी नाव विचारलंय? वन्सं, हे व्हायलाच पाहिजे." वन्सं ती मला लाडानंही म्हणे आणि टोचायलाही. तेव्हा लाडानं म्हणाली.

ज्या नियतकालिकाकडे वर्णन पाठवलं होतं, त्याच्या संपादकांनी कळवलं, की एका शंखावरून जात ठरवणं धोक्याचं. दुसरा मिळतोय का पाहा. दादा सुट्टीच्या दिवशी, जोडीदार न घेता, उतरला. त्याला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. कमरेच्या जाळीत एक शंख होता.

वहिनीनं तो बरेच दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग एका सकाळी स्वतःच आणून माझ्या टेबलावर ठेवला. "आता छापून आणा. नाव तरी राहू दे त्यांचं."

हा शंख स्वच्छ होता, म्हणून लपायला जागाच नव्हती. वर सरळ धारा, बाजारातल्यासारख्या. मध्ये एक वेडीवाकडी, सांधलेली चीर. खेकडा कवच फोडतो. जीव वाचला तर गोगलगाय पुन्हा बांधायला घेते. चिरेच्या खाली गाठी. जखमेनंतर बांधकाम बिघडलं होतं, एवढंच.

पहिल्या शंखावरचा चुना मी काढलाच नव्हता. नव्या जातीचा एकुलता एक नमुना खरवडायला हात धजत नाही. आता सुईनं काढला. खाली तशीच चीर.

वहिनीला भिंग दिलं. तिनं दोन्ही शंख पाहिले, पुन्हा पाहिले.

"म्हणजे बाजारातलीच?"

"हो."

"टोपलीतली?"

"हो, वहिनी."

"अजून कुणी पाहिलंय?"

"आपण दोघींनीच."

"मग आपणही नाही पाहिलं. दुसरा शंख मिळालाच नाही. चुना परत लावता येतो की नाही?"

लावता येतो. मनातल्या मनात मी तो कालवलासुद्धा. "पण वहिनी, मिळालाच नाही म्हटलं, तर दादा रिकाम्या हातानं वर आला असं होईल."

ती खुर्चीत बसली. रडली नाही, भिंगाची काच पदरानं पुसत राहिली.

"मी खरं तेच लिहिते," मी म्हटलं. "कवच फुटल्यावर हिच्यावर गाठी येतात, हेही कुणी लिहिलेलं नाही. शंख आणणाऱ्याचं नाव खाली घालीन."

"नको."

"अगं, बारीक अक्षरात का होईना—"

"नको म्हटलं ना! लोक विचारतील, कशासाठी उतरला होता? काय सांगू? टोपलीतल्या गोगलगायीसाठी?" तिनं भिंग टेबलावर ठेवलं. "नव्या जातीला नाव लागणार होतं ते वेगळं. हे नको, वन्सं."

मी टिपण लिहिलं. आणणाऱ्याच्या नावाच्या जागी 'एक पाणबुड्या' एवढंच घातलं. संपादकांना ते फार आवडलं. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, की याच पाणबुड्याकडून आणखी काही नमुने मिळवता येतील का.

ते मी वहिनीला वाचून दाखवलं नाही.