बोंबलाच्या काठ्यांची हद्द

शैला जन्मली ते १९६५ साल. कृष्णकांत चुरी वकिलांची ही पहिली नात. पालघरच्या घरात तिचं बारसं चाललं होतं, पाळण्याभोवती बायकांची दाटी झाली होती, आणि बाहेर ओटीवर चिंचणीची नर्मदा तांडेल फतकल मारून बसली होती.

"घरात कार्य आहे, बाई. सोमवारी कोर्टात या," कारकून एकनाथ तिला तिसऱ्यांदा म्हणाला.

"सोमवारी ते पोलीस घेऊन यायचेत. मंग काय तुज्या कोर्टात बोंबील वाळवू?"

आवाज ऐकून वकील घुगऱ्यांची वाटी हातात घेऊनच बाहेर आले.

"काय झालं, नर्मदा?"

"वकीलदादा, माजं आंगण लिलावात गेलं म्हंतात."

"तुझं कसं जाईल? लिलाव तुझ्या दिराच्या जागेचा झाला."

"तेच मी बेलिफाला सांगतंय. खंडेरावनं आपली जागा गहाण टाकली, ती गेली. त्याचं गेलं ते गेलं. पन बेलिफ म्हनला, लिलावाच्या कागदात दर्यापावेतो लिवलंय. मी बसले मधी. म्हनले, उचल मला आनि टाक दर्यात."

वकिलांनी वाटी खाली ठेवली.

बोजा चढलेली, लिलावात निघालेली, भावाभावांत अडकलेली जागा असली की लोक चुरी वकिलांकडे येत. पंचवीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरपासून चिंचणीपर्यंतच्या जमिनींना पाय फुटले, तसा त्यांच्या ओटीवर चपलांचा ढीग वाढला. हाताखालच्या पोरांना ते एकच गोष्ट बजावत: जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय दस्त लिहायचा नाही.

एकनाथनं कपाटातून खंडेरावच्या गहाणखताची नक्कल काढली. नऊ वर्षांपूर्वीचा कागद. अक्षर एकनाथचं, मजकूर वकिलांचा. पूर्वेस गावरस्ता, आणि पश्चिमेस 'नर्मदा तांडेल हिच्या बोंबील वाळवण्याच्या काठ्या'. लांबीरुंदीचा आकडा कुठंच नव्हता.

"लिलावाआधी बेलिफ मोजायला कधी आला होता?" वकिलांनी विचारलं.

"आखाडात."

"तेव्हा काठ्या होत्या?"

नर्मदा हसली. "दादा, तू कुठला रे? पावसात काठ्या ठेवल्या तर वाऱ्यानं डहाणूला जातील. जेठात उपटायच्या, नारळी पुनव झाली की रोवायच्या."

वकील खाली बसले. बेलिफाला पश्चिमेला काठ्या दिसल्या नव्हत्या, म्हणून तो दर्यापर्यंत चालत गेला होता. आणि तो दस्त लिहिताना आपण चिंचणीला गेलोच नव्हतो, हे त्यांना लख्ख आठवलं. खंडेराव समोरच्या बाकावर बसून बोलला, आपण सांगत गेलो, एकनाथ लिहीत गेला. त्याहून वाईट म्हणजे लिलावात जागा घेणारा कंत्राटदार त्यांचाच अशील होता. 'कागद स्वच्छ आहे, खुशाल घ्या,' असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार घरी आला. सगळं ऐकून म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही माझे की त्या कोळणीचे?"

"मी कुणाचाच नाही. कागद माझा आहे आणि तो चुकला आहे."

"मग गप्प बसा. कोण विचारतंय तुम्हाला?"

"विचारतील. मी साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे. तुमची फाईल एकनाथकडून घेऊन जा."

तो गेल्यावर वकिलांच्या पत्नी जयवंतीबाई आतून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांचं नाव आहे. चारचौघांत हसं करून घ्याल."

"घेतो. तिचं अंगण गेलं तर ती माणसं खातील काय?"

त्यांनी नर्मदेला आपल्या जुन्या मदतनिसाकडे, बळवंत सावे वकिलाकडे पाठवलं. हरकतीचा अर्ज त्यानं केला. कोर्टानं ताबा थांबवला आणि साक्षी घेतल्या.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहण्याची चुरी वकिलांची ती पहिलीच वेळ. कठड्यावर हात कुठं ठेवावा तेच त्यांना कळेना.

"उपटून ठेवायच्या काठ्या तुम्ही हद्द म्हणून लिहिल्यात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"होय."

"का?"

"मी जागा बघायला गेलो नव्हतो."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. वकिलांचे कान तापले. पण ते वाक्य बाहेर पडलं आणि छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं.

"मग काठ्या नेमक्या कुठं रोवतात हे कशावरून ठरवायचं? आता आहेत त्या बाईंनी नंतर पुढं सरकवल्या असतील," कंत्राटदाराचा नवा वकील म्हणाला.

नर्मदा जागेवरूनच ओरडली, "साहेब, माज्या सासऱ्यानं खड्डे केले, त्यात दगड बसवले. दरसाल त्याच खड्ड्यात काठी जाते. उकरून बगा! दगड का मी डोक्यावर घेऊन फिरते?"

तिला गप्प करायला शिपाई धावला. पण न्यायाधीशांनी ते टिपून घेतलं होतं.

आठ दिवसांनी कोर्टाचा माणूस चिंचणीला गेला. चुरी वकीलही गेले, नऊ वर्षं उशिरा. काठी हलवून काढली, वाळू उपसली आणि हात-दीड हातावर काळे दगड लागले, कडेनं गुळगुळीत झालेले. एक, मग दुसरा खड्डा, मग तिसरा. दिराच्या हद्दीला लागून सरळ रांग गेली होती. नर्मदा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"दादा, आता तरी बगितलीस ना जागा?"

"बघितली, बाई."

"मंग नीट लिव."

त्यांनी तिथंच वाळूत उकिडवं बसून फुटांत मापं घेतली आणि कागदावर उतरवली. मार्गशीर्षात निकाल लागला. कंत्राटदाराला खंडेरावची जागा मिळाली, तेवढीच. नर्मदेचं अंगण लिलावातून सुटलं. मोठे अशील चुरी वकिलांकडे यायचे कमी झाले, पण दुपारी त्यांना आता छान झोप लागे.

नर्मदा तांडेल १९६८ सालच्या पौषात, चार दिवसांच्या तापानं, त्या अंगणाला लागून असलेल्या आपल्या घरात वारली. बोंबील काठ्यांवर होते. ते तिच्या सुनांनी दुसऱ्या दिवशी उतरवले.