दुसरी रेघ

उजव्या पायाचा कॅनव्हासचा बूट. अंगठ्यापुरतं कापड ब्लेडने गोल कापून टाकलेलं.

कांदा-लसूण चटणीची बरणी, तीन वर्षांपूर्वीची. तळाशी दोन चमचे. कुणी खात नाही, कुणी टाकत नाही.

गरम पाण्यात उभी करून ठेवलेली जेलची बाटली.

ऋग्वेदला येणारे मराठी शब्द: आजोबा, बस, नको, चटणी.

लोकरी मोजा. आत गोळ्यांची नऊ पाकिटं, एकही गोळी न काढलेली.

जेलची बाटली सोडली तर हे सगळं एकाच घरातलं. घर चंदीगडच्या मनीमाजऱ्यात. बाबुराव गडहिंग्लजचे, एअर फोर्समधून निवृत्त झालेले. शेवटचं पोस्टिंग चंदीगडला होतं, म्हणून इथेच राहिले. मुलगा हेरंब मोहालीत नोकरीला. सून पंजाबी, स्वभावाने गोड. ऋग्वेद त्यांचा, सहा वर्षांचा. घरात हिंदी चालते. मराठीत बोलणं बायकोशी, चारुशीलाशी व्हायचं. ती गेल्याला तीन वर्षं झाली.

जुलै. उजवा पाय, अंगठ्याचा सांधा. रेघा: दोन.

सेक्टर ३४, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या वरचा मजला. संधिवाताच्या मोठ्या डॉक्टरांनी गाऊट म्हणून चिठ्ठी लिहून इथे सोनोग्राफीला पाठवलं होतं.

"अंकलजी, पैर सीधा रखिए," डॉक्टरबाई म्हणाली आणि प्रोब अंगठ्यावर टेकवला.

"आई गं!"

तिचा हात थांबला. "कुठले, काका?"

"गडहिंग्लज. तुम्ही?"

"अमरावती. रागिणी."

नवरा एअर फोर्समध्ये, म्हणून ती इथे. तिने स्क्रीन बाबुरावांकडे वळवली. "ही खालची पांढरी रेघ म्हणजे हाड. वरचा काळा पट्टा म्हणजे कूर्चा. आणि त्याच्यावर ही दुसरी पांढरी रेघ, दिसते? ही असायला नको. युरिक ॲसिडचे खडे बसलेत तिथे, पिठीसाखरेसारखे. रोज गोळी घेतली की विरघळतात. दुखणं थांबलं तरी गोळी थांबवायची नाही."

"विरघळलेलं दिसतं?"

"दिसते ना. दर वेळी हाच सांधा, हाच कोन. फोटो शेजारी लावून पाहायचे."

मग विषय तिखटावर गेला. कोल्हापूरकडच्या तिखटाला नुसता रंगच असतो, असं ती म्हणाली. बाबुराव उठून बसले. "बाई, तांबडा रस्सा खाल्लायसा कधी?"

"हलू नका! फोटो बिघडला."

वीस मिनिटं झाली. रस्सा आता बंद, हेही तिने त्यातच सांगून टाकलं. जिना उतरताना बाबुरावांनी पायऱ्या मराठीत मोजल्या.

ऑक्टोबर. रेघा: दीड.

"बघा, पातळ झाली!" रागिणी खुशीत होती. "अशीच गोळी घेत राहा. पुढच्या वेळी गेलेली असेल. मग इथलं काम संपलं, काका."

"बरं झालं," बाबुराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांचं पाकीट मोज्यात घातलं. हेरंबने विचारलं, "पापा, दवाई ली?"

"ली."

डिसेंबर. फोटो नाही.

अंगठा जांभळा झाला. चादरीचं वजन सोसेना. ते खुर्चीत बसून राहिले आणि एका सकाळी ब्लेड घेऊन त्यांनी बूट कापला.

जानेवारी. रेघा: दोन.

धुक्यात ते रिक्षाने आले. रागिणीने ऑक्टोबरचा फोटो काढून शेजारी लावला आणि दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिली.

"काका, गोळी?"

"रोज घेतो की."

"काहून खोटं बोलून राहिले?"

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

"तुम्हीच म्हणालासा," बाबुराव म्हणाले, "रेघ गेली की काम संपलं."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, तशी ती जेलच्या बाटलीचं झाकण उगाच लावत बसली.

"घरात मला कुणी वाईट वागवत नाही, डॉक्टर. सून तर पाय शेकून देते. पण 'दर्द है' म्हटलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी दुखणं वाटतं. ठणकतंय, हे कुणाला सांगू?"

"मला सांगायसाठी पाय खराब केला?"

"व्हय."

"अक्कल गडहिंग्लजलाच ठेवून आले का?" तिचा आवाज चढला होता. टिश्यूने अंगठा पुसताना मात्र ती फार जपून पुसत होती. "आमची बदली आलीय. एप्रिलअखेर जोधपूर."

बाबुराव स्क्रीनकडे पाहत राहिले. दोन रेघा, स्वच्छ.

"म्हणजे उगाचच."

"उगाचच. आता ऐका. आजच मोठ्या डॉक्टरांना खरं सांगून गोळी पुन्हा सुरू करायची. स्वतःच्या हाताने घेऊ नका, नातवाकडून मागून घ्या. मराठीत मागा. एप्रिलमध्ये या. मला जायच्या आधी ही रेघ गेलेली पाहायची आहे."

एप्रिल. उजवा पाय, अंगठ्याचा सांधा. रेघा: एक.

बूट नवा होता. जिना ते न थांबता चढले.

"इथे एक ठिपका उरलाय," रागिणी म्हणाली. "तोही जाईल. शाबास, काका."

"ऋग्वेद गोळी आणून देतो. 'आजोबा, गोळी' म्हणतो. पाच शब्द झाले."

"चांगलं आहे की."

"चांगलंच आहे. पण पाच शब्दांत बोलणं होत नाही."

खोलीत अर्धी खोकी बांधलेली होती. काळ्या पट्ट्याखाली हाडाची एकुलती एक रेघ होती, त्या ठिपक्याखेरीज पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जोधपुरात पाणी कसलं आहे, कुणाला ठाऊक," ती म्हणाली. "डाळ शिजते की नाही."

"शिजती की. मी तिथं चार वर्षं काढलीत. तूरडाळ रात्री भिजत घालायची, चारुशीला तसंच करायची. आणि बाजारात गेलीस तर पोरी, आधी—"

बाहेर पुढचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. प्रोब अंगठ्यावर होता तिथेच होता.

जुलैतल्या त्या पहिल्या चिठ्ठीवर मोठ्या डॉक्टरांनी पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी लिहिली होती. 'सहा' खोडून 'तीन' रागिणीने केलं होतं.