प्रमाणित बोट

बाबांच्या अनामिकेतून रक्ताचा थेंब बाहेर येईना, तेव्हा तिने बोट मुळापासून टोकाकडे दाबत आणलं. वजनमापे निरीक्षकाचं बोट ते. पंचवीस वर्षं लोखंडी वजनं उचलून त्याची कातडी जुन्या पट्ट्यासारखी झाली होती. शेवटी मोहरीएवढा थेंब आला. तिने पट्टी टेकवली. यंत्राने पाच सेकंद विचार केला आणि १३४ असं मत दिलं.

"किती?" बाबांनी विचारलं. चष्मा ऑफिसच्या शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीवर, आणि बाबा बनियनवर.

"पंच्याण्णव."

"म्हणजे यंत्र ठीक आहे. आणि तुझी शुगर?"

"मघाशीच बघितली. एकशे चौतीस."

बाबांनी ओठ मुडपले. दारात चपला घालणाऱ्या आईला तो आकडा ऐकू गेलाच. आई शाळेत शिकवायची. मागच्या बाकावरची कुजबुज तिला फळ्याकडे तोंड असतानाही कळायची. काल काय खाल्लंस, असं तिने जिन्यातूनच विचारलं आणि उत्तर ऐकायला न थांबता ती उतरली. उत्तर देणं तसं अवघडच होतं. काल रात्री जेवणानंतर चार बिस्किटं खाल्ली होती ती बाबांनी.

हे दोन बोटांचं प्रकरण सहा वर्षांपूर्वीचं. ती तेरा वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. दवाखान्यातून यंत्र घरी आलं त्या दिवशी बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि जाहीर केलं की कुठल्याही काट्यावर एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो. शेजारी प्रमाणित वजन लागतं. प्रमाणित वजन म्हणजे अर्थात ते स्वतः. निरोगी माणसाची उपाशीपोटी शुगर नव्वद ते शंभर. तेवढी आली की यंत्र खरं बोलतंय, मग मुलीचा आकडा वहीत लिहायचा. डॉक्टरांनी सांगून पाहिलं की यंत्र असं तपासत नाहीत. बाबांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पुढे केलं. वहीत दोन रकाने पडले, डावा तिचा, उजवा त्यांचा. शेजारीपाजारी कौतुक करत. असा बाप मिळायला भाग्य लागतं म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यामुळेच काही बोलता यायचं नाही.

कारण डाव्या रकान्यावर घराचं हवामान ठरायचं. एकशे वीस आली की आई भांडी घासताना गुणगुणायची. दोनशे साठ आली की घरात दुखवटा. कुणी रागवायचं नाही, फक्त भांडी जपून ठेवली जायची. आत्या फोनवर आधी आकडा विचारायची आणि मग परीक्षेबद्दल. दवाखान्याच्या भिंतीवर एक फलक होता, मधुमेहाला मित्र माना. एकोणिसाव्या वाढदिवशी तिने हिशेब केला, तेव्हा लक्षात आलं की हा मित्र सहा वर्षांत एकदाही गावाला गेलेला नाही.

मग एके सकाळी, स्वतःचं बोट टोचायचं या कल्पनेनेच हात जड झाला, तेव्हा तिने फक्त बाबांचं टोचलं. एकशे चार. तो आकडा तिने स्वतःच्या नावाने वाचला, त्यांच्या नावाने चौऱ्याण्णव असं काहीतरी ठोकून दिलं आणि दोन्ही वहीत लिहिले. आईने दोनदा विचारून खात्री केली. त्या संध्याकाळी घरात कित्येक महिन्यांनी सिनेमाचा विषय निघाला.

एक दिवसाची सुट्टी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण सुट्टीची एक खोड असते, ती वाढत जाते. इन्सुलिन ती घेत होती, पण अंदाजपंचे. तहान लागायची, दुपारच्या तासाला फळा पुसट दिसायचा, आणि आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. दुकानदार मालाच्या पारड्याखाली मेण लावतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतंच. मापात पाप आंधळेपणाने होत नाही.

घोटाळा निघाला तो भलतीकडेच. महिनाभरात तिचे आकडे, म्हणजे बाबांचे, वर सरकू लागले. एकशे बारा, एकशे एकोणीस, एकशे सव्वीस. एकशे सव्वीस हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. उपाशीपोटी त्याच्या वर पुन्हा पुन्हा गेलं की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात. बाबा दिवसातून चारदा तांब्या रिकामा करत होते. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं आणि त्याचं श्रेय चालण्याला दिलं होतं.

तिने आडवळणाने प्रयत्न केले. एकदा म्हणाली, बाबा, या वयात रक्त तपासून घ्यावं.

"रोज तपासतेस की," बाबा म्हणाले. "माझ्याइतका तपासलेला माणूस या इमारतीत नाही."

एकदा धीर करून तिने त्यांचा खरा आकडा त्यांच्याच नावाने वाचला. एकशे एकोणतीस. बाबांनी क्षणभरही विचार न करता यंत्र बिघडल्याचा निष्कर्ष काढला, बॅटरी बदलली आणि परत बोट पुढे केलं. ती घाबरून पंच्याण्णववर आली. बाबा समाधानाने म्हणाले, बघ, बॅटरीच होती.

आणि आज एकशे चौतीस. एकशे सव्वीसच्या वर सलग तिसरा दिवस.

आईच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर विरला. बाबा उठायला लागले, तेव्हा तिने नवी पट्टी काढली आणि स्वतःचं बोट टोचलं. इतक्या दिवसांनी ते अनोळखी असल्यासारखं दुखलं.

"झाली म्हणालीस ना?"

"नव्हती झाली."

खुंटीवरच्या शर्टातून तिने चष्मा काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो लावला, यंत्र उजेडाकडे धरलं.

"दोनशे सत्त्याऐंशी," ते म्हणाले. "छे. बिघडलंय."

"यंत्र बरोबर आहे, बाबा. ही माझी. मघाची एकशे चौतीस तुमची."

बाबांनी वही ओढली आणि डाव्या रकान्यावरून बोट खाली नेत राहिले. लहानपणी ती एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेली होती. दुकानात ते कधी आवाज चढवत नसत. काटा उलटा करून तळ बघत, आणि मग दुकानदाराकडे बघत. ते बघणं तिच्या वाट्याला आज आलं.

"कधीपासून?"

"अडुसष्ट दिवस झाले."

"का?" हा प्रश्न त्यांनी पंचवीस वर्षांत कुठल्या दुकानदाराला विचारला नव्हता. कायद्याला त्याची गरज नसते.

"आकडा चांगला आला की घरात सगळे नीट बोलतात."

"मी तुला कधी ओरडलोय?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही ओरडत नाही. परत मोजायला लावता."

बाबांनी शर्ट घातला. गुंडी एक घर चुकली आणि तशीच राहिली. मग त्यांनी ऑफिसला फोन करून उशीर होईल असं सांगितलं, आणि पलीकडच्याला ते खरं वाटेना म्हणून पुन्हा सांगितलं.

डॉक्टरांनी दोघांचंही रक्त घेतलं. प्रमाणित वजन बाद झालं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाबांच्या हातात आहाराचा कागद पडला, आणि तिला आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे तासभर बसायला सांगितलं. बाईंनी पहिल्या दिवशी जे विचारलं, त्याचं उत्तर आकड्यात देता येत नव्हतं. तिने आधी पाणी मागितलं, मग ती रडली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आईला सगळं दवाखान्यात गेले त्याच संध्याकाळी कळलं. ती आधी रागावली, मग पदराने उगाचच ओटा पुसत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कुणाला बोलत होते?" हसावं की नाही हे तिघांनाही ठरवता आलं नाही.

दहाएक दिवस गेले. सकाळी ओट्याजवळच्या टेबलावर आता दोन टोचण्या होत्या. बाबांनी चष्मा लावून स्वतःचं बोट स्वतः टोचलं. सहा वर्षं रोज पुढे केलेलं बोट, पण या वेळी ते दचकले. आकडा आला. तिला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसला. १५२.

आई दारात एका पायावर उभी राहून चप्पल चढवत होती. "किती आली हो?"

"एकशे आठ," बाबा म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली आणि जिना उतरू लागली. तिची पावलं हलकी वाजत होती.

बाबांनी यंत्र पालथं ठेवलं.

"तिच्या शाळेत आज पाहणी आहे," ते नळाकडे बघत म्हणाले. "दिवसभर उगाच डोक्यात राहिलं असतं."

तिने मान हलवली.

"उद्या एकशे पंधराच्या आतला आकडा सांगा," ती म्हणाली. "एकदम वर गेलं तर आई विचारते. आणि परवा पुन्हा एकशे आठ नको. सारखं तेच आलं की संशय येतो."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. अनुभवी माणसाने नवख्याला रस्ता सांगावा तसं ती सांगत होती, कुठे खड्डा आहे, कुठे वळण.

"आणि पुढे?" बाबांनी विचारलं.

"पुढे मग खऱ्या आकड्यापाशी एकटंच बसावं लागतं."

बाबा पालथ्या यंत्राकडे बघत राहिले. मग उठले. शर्ट खुंटीवर होता; तो न घेताच त्यांनी दार उघडलं. दूधवाल्यासमोरही बनियनवर न जाणारा हा माणूस चार-चार पायऱ्या एकदम उतरत गेला. "अगं, थांब जरा," असं खालच्या मजल्यावरून ऐकू आलं. आईच्या चपला थांबल्या. नंतरचं बोलणं हळू होतं, वर पोचलं नाही.

तिने नवी पट्टी लावली, बोट टोचलं आणि वाट पाहिली. पाच सेकंदांनी आकडा आला. चांगला नव्हता. स्वयंपाकघरात तो विचारायला कोणी नव्हतं.

तिने वही ओढली आणि तो डाव्या रकान्यात लिहिला.