मालूला मिळालेली खोली

“आई, तिला सांगायची काही गरज नाहीये,” ऋचा म्हणाली आणि शांतपणे वरणात मीठ घातलं.

मी सुनेकडे बघतच राहिले. खाली तळघरात मालू गुणगुणत सामान लावत होती. पंचेचाळिशीची ही कोन गावची बाई नवरा गेल्यापासून घरकामाला आमच्याकडेच राहते. इतकी वर्षं स्वयंपाकघरात अंथरूण टाकायची. आज पहिल्यांदा तिला स्वतःची खोली मिळाली होती, म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

परवापर्यंत त्या खोलीत माझी नात वल्लरी झोपायची. मग निनादने, माझ्या मुलाने, रेडॉन मोजायचं यंत्र आणलं. हा वायू जमिनीतून भेगांवाटे घरात शिरतो. दिसत नाही, वास येत नाही, पण वर्षानुवर्षं छातीत जात राहिला की फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तळघरातला आकडा बघून निनाद पांढराफटक पडला. वल्लरीचं सगळं बिऱ्हाड त्याच संध्याकाळी वर आलं. इथवर ठीकच होतं.

“मग भेगा कधी बुजवतोयस? वायू बाहेर काढायला पाइप आणि पंखा बसवणार होतास ना?” मी निनादला विचारलं.

“आता कशाला? वल्लरी वर आली ना.”

“आणि मालू?”

“अगं आई, त्याला वीस-वीस वर्षं लागतात. तोवर ती इथे असणार आहे का?”

हे बोलून त्याने दह्याची वाटी पुढे ओढली. पोटच्या पोराची किळस येते कधी? मला आली. त्याच्या बोटांची, चाटलेल्या चमच्याची, सगळ्याचीच. मी ताट सरकवलं आणि जिना उतरले.

“बगा काकू, कशी गार हाय खोली,” मालू म्हणाली. भिंतीवर खिळा ठोकून तिने कॅलेंडर लावलं होतं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, निनादच्या वीस वर्षांसकट.



“वीस वर्सांनी मी पासष्टीची व्हईन,” ती म्हणाली. “तवा मना जगायचं नाय, असं यांनी ठरवलं काय?”

ऋचा जिन्यात येऊन उभी होती. “मालू, तसं नाही गं...”

“ऱ्हाऊ दे वहिनी. मी उद्या कोनला जाते, भावाकडं.”

“माझ्या खोलीत झोप,” मी म्हटलं.

“नको काकू.”

तिने कॅलेंडर उतरवून गुंडाळलं. खिळा उपटून ऋचाच्या हातावर ठेवला. भिंतीचा थोडा चुना खाली सांडला होता. मालू वाकली आणि तो तिने पदराने टिपून घेतला.